साडूंची गोळी

माझं एचबीए१सी आठ पॉइंट नऊ आलं आणि जयंतरावांचं आठ पॉइंट सहा. आपल्याला डायबिटीस झालाय हे डोक्यात शिरायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की पॉइंट तीननं का होईना, हा माणूस इथंही माझ्या पुढे आहे.

जयंतराव म्हणजे माझे साडू. माझी बायको नीला आणि त्यांची बायको मेधा या सख्ख्या बहिणी. आम्ही गिरगावात फणसवाडीत राहतो, ते माटुंग्याला. नवरे तपासण्या टाळतात म्हणून दोघी बहिणींनी ठरवलं की दोघांचं एकदमच उरकून टाकायचं. एका रविवारी सकाळी लॅबचा माणूस मेधाच्या घरी येऊन दोघांचं रक्त घेऊन गेला. संध्याकाळी चहा पिताना दोन्ही रिपोर्ट मेधाच्या फोनवर आले. तिनं मोठ्यानं वाचून दाखवले, दहावीचे निकाल वाचावेत तसे.

एचबीए१सी म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी. आदल्या दिवशी गोड खाल्लं काय, उपास केला काय, तिला फसवता येत नाही. साडेसहा किंवा वर गेलं की डायबिटीस. आम्ही दोघंही बरेच वर होतो.

मी डॉक्टर नाही. फोर्टमधल्या एका कंपनीत बत्तीस वर्षं कारकुनी करत करत ऑफिसर झालेला माणूस आहे. कुठलं औषध चांगलं ते मी सांगणार नाही. माझं काय झालं ते सांगणार आहे, आणि त्यात एक लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे तीही सांगणार आहे. ती लपवली तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

आधी माझ्या हेव्याबद्दल. जयंतराव वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. ते चांगले आहेत. उंच, बोलायला गोड, कुणाच्याही अडचणीला धावून जाणारे. माझं लग्न आधी झालं. दोन वर्षं सासरे प्रत्येक कागद मला दाखवायचे, विम्याचा असो नाहीतर सोसायटीचा. मग मेधाचं लग्न झालं आणि कागद माटुंग्याला जायला लागले. कुणी काही बोललं नाही, भांडण झालं नाही. पण ते कागद मी विसरलो नाही.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मला मेटफॉर्मिन सुरू केलं. डायबिटीसमध्ये बहुतेकांना पहिल्यांदा हीच गोळी देतात. यकृत रात्रंदिवस थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं, ते ही गोळी आवरते, आणि शरीरातलं इन्सुलिन जरा नीट कामाला लावते. जुनी, भरवशाची गोळी, असं डॉक्टर म्हणाले. मला मात्र तिनं पहिले पंधरा दिवस संडासाच्या वाटेवर ठेवलं. मग त्यांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली, एसआर म्हणतात ती. पोट शांत झालं. तुमचंही पोट बिघडलं तर गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. त्याला उपाय असतो.

जयंतरावांनाही मेटफॉर्मिनच होतं. त्यांचं पोट एक दिवससुद्धा बिघडलं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. माझं आठ पॉइंट एक, त्यांचं सात पॉइंट दोन. डॉक्टरांनी मला जोडीला ग्लिमेपिराइड दिली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन जास्त सोडायला लावते. साखर झपाट्यानं उतरते, पण जेवणाची वेळ चुकली तर प्रमाणाबाहेर उतरते. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "जेवण चुकवायचं नाही." मी मान डोलावली होती.

एकदा ऑफिसात ऑडिटवाले बसले होते आणि जेवण अडीचवर गेलं. माझे हात थरथरायला लागले. घाम फुटला. समोरचे आकडे दिसत होते पण वाचता येईनात. शेजारच्या टेबलावरच्या देसाईबाईंच्या आईला डायबिटीस होता. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, उठल्या आणि कपभर पाण्यात साखर ढवळून माझ्या तोंडाला लावली. मग माझ्याच बॅगेतलं साखर मोजायचं मशीन काढून बोटाला सुई टोचली. अठ्ठावन्न. याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, साखर फार खाली जाणं. सत्तरच्या खाली गेली की हयगय करायची नाही, लगेच साखर घ्यायची.

त्या दिवसापासून मला धास्तीच बसली. हात जरा गार पडले की बिस्किट, डोकं जरा जड झालं की केळं. तीन महिन्यांत माझं वजन तीन किलोनं वाढलं.

जयंतरावांचं सहा किलोनं उतरलं.

त्यांचे डॉक्टर दादरचे, मोठे, आठ-आठ दिवस अपॉइंटमेंट न मिळणारे. त्यांनी एक नवी गोळी दिली असं नीलाकडून कळलं. गणपतीत मेधाकडे जेवायला गेलो तेव्हा जयंतरावांचे गाल बसले होते, पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं. माझ्या डोळ्यांना ते दहा वर्षांनी तरुण दिसले, आणि मी तसं म्हणालोही. ताटात त्यांनी वालाचं बिरडं, कोशिंबीर आणि पनीर घेतलं. पोळी नाही, भात नाही. मोदक अर्धा.

नीला म्हणाली, "बघा, जयंतरावांनी किती मनावर घेतलंय. नाहीतर तुम्ही."

मी तिसरा मोदक हातात धरून बसलो होतो.

"काय गोळी आहे हो?" मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"डापाग्लिफ्लोझिन," जयंतराव म्हणाले. "जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. बस्स, एवढंच."

"म्हणजे हायपो वगैरे?"

"मला तरी नाही झालं अजून."

मेधा मध्येच म्हणाली, "भाऊजी, प्रत्येकाला वेगळं असतं हं. तुमच्या डॉक्टरांना विचारा." आणि तिनं जयंतरावांकडे असं पाहिलं की मला वाटलं, यांना आपल्याला सांगायचंच नाहीये. यांचं गुपित आहे. मोठ्या डॉक्टरांची गोळी फणसवाडीपर्यंत पोचू द्यायची नाहीये.

मी आमच्या डॉक्टरांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "विचार करू. आधी किडनीची तपासणी होऊ दे, आणि तुमचं खाणंपिणं एकदा नीट बघू. घाई नको." मला ते टाळणं वाटलं. पुढच्या एचबीए१सीला माझं सात पॉइंट सहा आणि जयंतरावांचं सहा पॉइंट चार आलं. सात पॉइंट सहा म्हणजे खरं तर चांगली सुधारणा होती. मला ती दिसलीच नाही. मी माझा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचत होतो.

दिवाळीच्या आधी आम्ही पुन्हा माटुंग्याला गेलो. बहिणी स्वयंपाकघरात चकल्या पाडत होत्या. जयंतराव खाली गेले होते. मी पाणी प्यायला उठलो. फ्रिजवर प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा होता, त्यात त्यांची औषधं. पाच-सहा प्रकारच्या पट्ट्या होत्या. एका डायबिटीसला इतक्या कशाला, असा प्रश्न पडायला हवा होता. मला हवं ते नाव दिसलं आणि बाकीचं दिसेनासं झालं. त्या गोळीच्या चौदा-चौदाच्या चार पट्ट्या होत्या. मी दोन उचलल्या आणि शर्टाच्या आत घातल्या.

छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात मी ऑफिसातली पेन्सिलसुद्धा घरी आणली नव्हती. त्या दिवशी मी बायकोच्या बहिणीच्या घरात औषध चोरलं.

केमिस्टकडून का नाही घेतली, असं पुढे मला डॉक्टरांनी विचारलं. आमच्या नाक्यावरचा केमिस्ट चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि तो मला ओळखतो. हे खरं कारण आहे, पण पुरतं नाही. मला तीच गोळी हवी होती. त्यांची.

पट्ट्या मी दाढीच्या पेटीत ठेवल्या. सकाळी दाढी करताना एक घ्यायची. ग्लिमेपिराइड परस्पर बंद केली. जयंतरावांसारखी पोळी सोडली, भात सोडला. नीलाला सांगितलं, आता मीपण मनावर घेतलंय. ती इतकी खूश झाली की मला रोज दोन अंडी उकडून द्यायला लागली.

पहिले दहा-बारा दिवस स्वर्ग होता. लघवीला सारखं जावं लागायचं, घशाला कोरड पडायची, पण वजन अडीच किलोनं उतरलं. सकाळची उपाशीपोटी साखर एकशे आठ आली. त्या आकड्याचा फोटो मी कौटुंबिक ग्रुपवर टाकला. जयंतरावांनी अंगठा दाखवला आणि लिहिलं, "वा, अविनाशराव! असंच चालू ठेवा." ते वाचून मला जो आनंद झाला तो चांगला आनंद नव्हता.

तेराव्या दिवशी ऑफिसच्या कार्यक्रमातलं काहीतरी बाधलं. संध्याकाळपासून उलट्या. दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा पोटात ठरेना. तरी सकाळी मी दाढीची पेटी उघडून गोळी घेतली. मध्ये खंड पडू द्यायचा नव्हता. वजन आणखी उतरेल, असंही मनात आलं. ते आता लिहिताना हात थांबतो.

आमचे डॉक्टर घरी आले. मशीनवर साखर एकशे ब्याऐंशी. उलटीत इतकी चालायचीच, ते म्हणाले. पित्त, पोटाचं इन्फेक्शन. उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, पाणी घोट घोट घ्या म्हणाले आणि विचारलं, "गोळ्या त्याच ना?" मी हो म्हटलं. त्यांची काही चूक नव्हती. मी त्यांना अर्धीच माहिती दिली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला धाप लागली. धावल्यासारखी नव्हे. झोपल्या जागी श्वास आपोआप खोल आणि जोरात चालला होता, कुणीतरी आतून भाता ओढतंय तसा. पोटात दुखत होतं. नीला जवळ आली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या तोंडाला कसला वास येतोय? नेलपॉलिशच्या रिमूव्हरसारखा?" तिनं पुन्हा साखर तपासली. एकशे शहाण्णव. "साखर तर ठीक आहे," ती म्हणाली, आणि मग रडायलाच लागली, कारण मी ठीक दिसत नव्हतो.

तिनं मेधाला फोन केला. जयंतराव म्हणाले, परळला घेऊन या, आम्ही तिथे पोचतो. टॅक्सीत ठाकूरद्वारपासून परळपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून होतो. मनात एकच विचार, पेटीतल्या पट्टीत अजून चौदा गोळ्या उरल्यात.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिनं माझा श्वास पाहिला आणि विचारलं, "काका, डायबिटीस आहे? कुठल्या गोळ्या घेता?"

"मेटफॉर्मिन. ग्लिमेपिराइड."

"आणखी काही?"

"नाही."

तिनं मनगटातल्या धमनीतून रक्त घेतलं. याला ब्लड गॅस म्हणतात. रक्तात आम्ल किती वाढलंय ते त्यातून कळतं. नेहमीच्या रक्त काढण्यापेक्षा बरंच दुखतं, कुणावर वेळ आली तर मनाची तयारी असू दे. थोड्या वेळानं ती एका मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली. त्या मध्यमवयीन बाई होत्या, चष्मा केसांवर चढवलेला. एव्हाना जयंतराव आणि मेधा पोचले होते आणि नीलाच्या शेजारी माझ्या कॉटपाशी उभे होते.

बाई म्हणाल्या, "तुमच्या रक्तात कीटोन फार वाढलेत. शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात. ते आम्ल असतं. याला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. नेहमी यात साखर चारशे-पाचशे असते. तुमची दोनशेच्या आत आहे. साखर एवढी आणि कीटोन इतके, असं मी एका विशिष्ट गोळीच्या पेशंटमध्ये पाहिलंय. म्हणून पुन्हा विचारते. ग्लिफ्लोझिन शेवट असलेलं कुठलं औषध घेता का?"

मी छताकडे पाहिलं.

"आमच्या डॉक्टरांनी नाही दिलेली," नीला म्हणाली. "मी चिठ्ठी वाचते ना."

"काका," बाई माझ्यावर वाकल्या, "हे पोलीस स्टेशन नाही. मला उत्तर मिळालं तर मी पुढचा अर्धा तास वाचवेन."

मी म्हणालो, "डापाग्लिफ्लोझिन. पंधरा दिवस."

"कुणी दिली?"

श्वास पुरत नव्हता, त्यामुळे मोठं वाक्य बोलता येत नव्हतं. मी जयंतरावांकडे बोट केलं. मग वाटलं, त्यांनी दिली असा अर्थ होईल. "त्यांच्या डब्यातून," मी म्हणालो. "मी घेतली. न विचारता."

नीलाचा माझ्या खांद्यावरचा हात तिथेच राहिला, पण हलका झाला, तेवढं मला कळलं.

मेधा हळूच म्हणाली, "दोन पट्ट्या. भाऊजी, मला वाटलं हे चुकून डबल गोळ्या घेतायत. आठवडाभर मी यांच्याशी भांडत होते. यांची स्मरणशक्ती गेली असं समजून मी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली होती."

बाईंनी जयंतरावांना विचारलं, "तुम्हाला ही गोळी डायबिटीससाठीच आहे?"

"डायबिटीसला चालतेच," जयंतराव म्हणाले. "पण मुख्य हार्टसाठी. पंपिंग तीस टक्के आहे माझं."

नीलासमोर आणि माझ्यासमोर हे वाक्य पहिल्यांदाच बोललं जात होतं, हे मेधाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. नीला "काय?" म्हणून वळली. जयंतरावांनी तिला हातानंच थांबवलं आणि बाईंना म्हणाले, "माझं नंतर. आधी यांचं बघा."

खरं सांगायचं तर त्या क्षणी, रक्तात आम्ल घेऊन पडलेलो असताना, मला पुन्हा त्यांचा हेवा वाटला. अशा वेळी इतकं शांत कसं राहता येतं, म्हणून.

मला आयसीयूत नेलं. उपचार ऐकायला विचित्र वाटतो. एका हाताला इन्सुलिनची ड्रिप आणि दुसऱ्या हाताला ग्लुकोजची. साखर कमी करायची आणि साखरच चढवायची? तिथल्या सिस्टरनं मला समजावलं, "काका, कीटोन घालवायला इन्सुलिन पायजे. पण नुसतं दिलं तर शुगर पडेल ना. म्हणून सोबत ग्लुकोज." दर तासाला बोट टोचायचे, दर काही तासांनी रक्त. पोटॅशियमही बघत होते, कारण इन्सुलिननं ते उतरतं आणि त्याचा हृदयाला त्रास होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा श्वास साधा झाला. श्वास साधा असणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डमध्ये हलवलं.

नीला रोज यायची, सगळं करायची, पण माझ्याशी कामापुरतं बोलायची. चौथ्या दिवशी मोसंबं सोलताना ती म्हणाली, "मी तुम्हाला सारखं त्यांच्याशी मोजलं, ते चुकलं माझं. पण चोरी तुमची आहे. ती मी माझ्यावर घेणार नाही." मी म्हटलं, "घेऊ नकोस."

जयंतराव संध्याकाळी आले, एकटेच. कॉटच्या बाजूच्या स्टुलावर बसले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच बोलायला लागले. मार्चमध्ये त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. रात्री उशा वाढवून झोपावं लागायचं. इको केला. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदय प्रत्येक ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते त्यात टक्क्यांत सांगतात. धडधाकट माणसाचं साधारण पंचावन्न-साठ असतं. त्यांचं तीस आलं.

"जर्मनीत मुलीची शेवटची परीक्षा होती," ते म्हणाले. "तिला कळलं असतं तर सगळं टाकून आली असती. नीलाताईंना सांगितलं असतं तर त्या एका दिवसात तिच्याशी बोलल्या असत्या. म्हणून कुणालाच नाही सांगितलं."

"आणि ते वजन?" मी विचारलं. मलाच माझी लाज वाटली, पण विचारलं.

"निम्मं पाणी होतं हो. पायात, पोटात साठलेलं. गोळ्यांनी ते काढलं. तुम्ही म्हणालात ना तरुण दिसताय. मी घरी येऊन आरशात बघितलं, मला तर मी आजारी दिसत होतो."

गणपतीपासून मी ज्या बसलेल्या गालांकडे बघून जळत होतो ते एका थकलेल्या हृदयाचे गाल होते. मी त्यांचा हात धरला आणि चुकलो म्हणालो. ते म्हणाले, "हो, चुकलातच." त्यांनी ते नाकारलं नाही, याचं मला बरं वाटलं. मग खिशातून पेपर काढून त्यांनी मला मॅचचा स्कोअर वाचून दाखवला.

घरी जायच्या दिवशी त्या डॉक्टरबाईंनी मला आणि नीलाला समोर बसवलं. मी विचारलं, "मग यातलं सगळ्यात चांगलं औषध कुठलं?"

"कुणासाठी?" त्या म्हणाल्या.

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. मेटफॉर्मिन बहुतेकांना मानवतं, वजन वाढवत नाही, पोटाला त्रास देऊ शकतं. ग्लिमेपिराइड जोरकस आहे, पण जेवण चुकवणाऱ्याला धोक्याचं, आणि वजन थोडं वाढवतं. ग्लिप्टिन नावाच्या गोळ्या असतात, त्या बेतानं काम करतात, पण हायपो सहसा करत नाहीत. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या हृदय आणि किडनी अशक्त असणाऱ्यांना मोठा आधार देतात. मात्र उलट्या, जुलाब, ताप, उपास, ऑपरेशन अशा वेळी त्या थांबवायच्या असतात, आणि त्यांच्याबरोबर भात-पोळी पार सोडायचं खूळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नसतं.

"हे तुमच्या साडूंना त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही गोळी नेलीत, चिठ्ठी नाही नेलीत."

मी तेव्हाही गप्प बसलो नाही. बाहेर बाकावर एक बाई आठवड्याच्या इंजेक्शनबद्दल सांगत होत्या, दहा किलो उतरले म्हणून. "आणि ते सेमाग्लुटाइड?" मी विचारलं. नीलानं कपाळाला हात लावला. डॉक्टरबाई हसल्या. "भूक कमी करतं, वजन उतरवतं, साखरही. चांगलं औषध आहे. पण तुमच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसलेत. वजन भराभर उतरलं तर ते त्रास देतील. सध्या नको." त्यांनी माझ्या फाइलवर लाल अक्षरात लिहिलं की ग्लिफ्लोझिन गटातली औषधं या पेशंटला पुन्हा द्यायची नाहीत. काही आठवडे इन्सुलिन, मग एसआर मेटफॉर्मिन आणि एक ग्लिप्टिन. एक पोळी, वाटीभर भात, वेळेवर.

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ चिठ्ठी वाचत राहिले आणि म्हणाले, "अविनाशराव, मी तुमच्या मुलांना लसी टोचल्यात. मला सांगायचंत ना." ते मला आयसीयूतल्या सुईपेक्षा जास्त लागलं.

आता माझं एचबीए१सी सात पॉइंट एक आहे. हळूहळू आलं. त्याचा फोटो मी कुठल्याही ग्रुपवर टाकलेला नाही.

हेवा गेला का? गेला असता तर मला छान शेवट लिहिता आला असता. तो येतो. वेटिंग रूममध्ये कुणाच्या तरी हातातला रिपोर्ट दिसला की मान आपोआप तिकडे वळते. पण आता ती वळली की मला कळतं, आणि मी खिशातली माझी चिठ्ठी काढून वाचतो. ज्यांच्या घरात एकाच आजाराचे दोन पेशंट असतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. गोळ्यांची नावं जरूर विचारा, पण ती कशासाठी दिली तेही विचारा. आणि डॉक्टर तीनदा विचारतात तेव्हा पहिल्यांदाच खरं सांगा.

मागच्या महिन्यात जयंतरावांचा इको होता. मेधाला रजा नव्हती म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. पंपिंग अडतीसवर आलं होतं. त्यांचे डॉक्टर खूश होते आणि मीही होतो. सांगतो ते खरं सांगतो. पण त्या दिवसातलं मला सकाळचं जास्त आठवतं.

काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, "पेशंटसोबत कोण?"

"मी," मी म्हणालो.

"नातं?"

"साडू."

तिनं दोन-तीनदा माउस फिरवला. "यात साडू नाहीये. भाऊ टाकू का?"

मी जयंतरावांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. "टाका की," ते म्हणाले.

"मोठा की धाकटा?"

"मोठे हे," जयंतरावांनी माझ्याकडे मान केली. "आठ महिन्यांनी."

तिनं तसं टाइप केलं. आम्ही बाकावर जाऊन बसलो, आणि नंबर येईपर्यंत मी जरा ताठच बसून होतो.